धुरपीचा चेहरा

भीतीच्या गोष्टी लिहून गावभरच्या पोरांची झोप उडवणारी आणि स्वतःचीच गोष्ट वाचून शेजारणीला हाका मारणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात एकच असेल. ती माझी मावशी. शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका देवदेव करतात, गुडघ्यांना तेल चोळतात. मावशीनं धुरपी नावाची चेटकीण जन्माला घातली. बघता बघता धुरपीची सहा पुस्तकं झाली. त्यातली चित्रं माझी. मी शाळेत चित्रकला शिकवते म्हणून ती मला मिळाली असा माझा समज होता. मावशी मात्र चारचौघांत सांगते, "दुसरं कोण माझ्या एवढ्या हाकांना ओ देतंय?"

मावशी लिहायची ती सकाळच्या उन्हात, मंगळवार पेठेतल्या घराच्या पुढच्या सोप्यात, दार सताड उघडं ठेवून. आत काही हललं तर रस्त्यावरचं माणूस धावून यावं म्हणून. बाराच्या ठोक्याला लेखणी खाली. भर बाराला धुरपीचं नाव घेतलं तर ती वळून बघते, हा नियम तिनं पहिल्या पुस्तकात स्वतःच लिहिला होता आणि त्यावर सगळ्यात जास्त विश्वास तिचाच होता. नवं प्रकरण झालं की गल्लीतल्या पोरांना गोळा करून वाचायची. एकदा विहिरीतून हात वर येतो तिथं पोरं 'पुढं काय, पुढं काय' म्हणत राहिली आणि मावशीच पुस्तक मिटून म्हणाली, "आता उद्या. मला काय पुढं जाववंना." कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी ती अजून 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते. मी हसले तर म्हणाली, "हसतीस काय? मी घाबरलो तरच पोरं घाबरतात."

कोपऱ्यावरची भाजीवाली तिला लिंबं द्यायची नाही. "सरबताला पायजेत म्हणून शपथ घ्या मावशी, मग देतो." रोज संध्याकाळी परसातल्या भिंतीवर मावशी धुरपीसाठी अर्धी भाकरी आणि वर मिरचीचा खर्डा ठेवायची. सकाळी भिंत स्वच्छ. शेजारच्या काकू म्हणायच्या, "कुत्रं खातंय की वो." मावशी शांतपणे विचारायची, "भाकरी खाईल. खर्डा कुठलं कुत्रं खातंय?"

मग सातवं, शेवटचं पुस्तक आलं. पुण्याच्या प्रकाशकांनी फोनवर सांगितलं, वाइटाचा शेवट दाखवा, गाव जमतं आणि चेटकिणीची झोपडी पेटवतं, असं काहीतरी. मावशीनं तसं लिहिलं. त्या दिवसापासून भिंतीवरची भाकरी तशीच राहू लागली. तिला मुंगीसुद्धा लागेना. दार उघडं टाकून मावशी नुसती बसून राहू लागली.

सहा पुस्तकांत धुरपी आम्ही पाठमोरीच दाखवली होती. शेवटच्या चित्रात ती वळणार होती. मावशी डोळे मिटून सांगत गेली, मी काढत गेले. रुंद कपाळ, खोल डोळे, हनुवटीवर गोंदण. चित्र पुढं केलं तशी तिनं पदर तोंडाला लावला.

"ही आमच्या गावातली हाय गं," ती म्हणाली. "पण ही खूण कुठली?"

धुरपीच्या डाव्या भुवईवर मी एक आडवा व्रण काढला होता. मावशीनं तो सांगितला नव्हता. मी का काढला, मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा पहिल्यांदा मावशीनं सांगितलं. तिचे वडील जोतिबाच्या डोंगराखाली एका गावात मास्तर होते. तिथं एकटी राहणारी बाई झाडपाल्याचं औषध द्यायची आणि मास्तरांच्या या पोरीला चुलीपाशी बसवून गोष्टी सांगायची. कुणाचं तरी मूल तापानं गेलं, आणि गावानं करणी तिच्या नावावर टाकली. दगड घेऊन माणसं निघाली ती भर दुपारी. मावशीला तिच्या आईनं घरात ओढून तोंडावर हात दाबला. नुसता आवाज ऐकू आला. नंतर ती बाई कुणाला दिसली नाही.

"आणि मी तिला परत पेटवायला निघालो," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते चित्र घेऊन एसटीनं त्या गावाला गेलो. तिथं त्या बाईचा विषय काढला की माणसं कामाला लागत. शेवटी एकानं डोंगरापलीकडच्या वाडीकडं बोट केलं. वाडीत ऊन नुसतं उभं होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी काही विचारायच्या आत तिची नजर माझ्या हातातल्या चित्रावर गेली.

"ह्यो फोटू कुठनं घावला तुमास्नी?" ती म्हणाली. "आमच्या वाडीच्या आजीनं फोटू कवाच काढून दिला न्हाय."

मावशीनं विचारलं, "ही कपाळाची खूण?"

"आली तवा फुटलंच हुतं की कपाळ. माझ्या सासूनं हळद भरली, ठेवून घेतलं. मग हितंच ऱ्हायली, म्हातारी हून गेली. समद्या वाडीची पोरं तिच्याच हातावर वाढली." मग म्हातारीनं शेंगा बाजूला ठेवल्या. "एकच इचारायची. त्या गावाकडनं कोण आलं की इचारायची, मास्तरांची पोरगी शिकली का वो?"

मावशी तिथंच उंबऱ्यावर बसली. चित्राकडं बघत ती म्हणाली,

"शिकलो की गं. लई शिकलो."

घरी येऊन तिनं शेवट फाडला आणि नवा लिहिला. दगड येतात, धुरपी डोंगर ओलांडते, पलीकडे एक बाई तिला हळद लावून घरात घेते. प्रकाशक कुरकुरले, "यात मुलांनी भ्यायचं कशाला?" मावशी म्हणाली, "जमाव येतो तिथं भितील की. मी भ्यालो."

गल्लीतली पोरं आता आठव्या पुस्तकासाठी तिच्या दारात येतात. "धुरपी दमली बाळांनो, झोपू दे तिला," असं म्हणून ती त्यांना परत पाठवते. पोरं पांगली की ती उगीचच मला विचारते, "त्या वाडीला सकाळची एसटी किती वाजता असती गं?"