पान एकसष्टवरचं शुद्धिपत्रक

पडद्यावरचा बाण थरथरत होता. माऊस माझ्या हातात होता, आणि समोर बसलेली चाळीसेक माणसं तो बाण बघत होती. निरनिराळ्या राज्यांतून आलेले प्राध्यापक, ग्रंथपाल, दिल्लीचे दोन अधिकारी. कोपऱ्यात घड्याळ उलटं चाललं होतं. बारा मिनिटं, अकरा मिनिटं, दहा.

मी तिथे परीक्षा द्यायला गेले नव्हते. पाहुण्यांना पिशव्या वाटायला गेले होते. पिशवीत वही, पेन आणि आराखड्याचा मसुदा. देशभरातल्या लोकांना माहिती कशी शोधावी, कशी तपासावी, कशावर विश्वास ठेवावा हे शिकवायचा राष्ट्रीय आराखडा. तो आमच्या म्हैसूरच्या ग्रंथालयात, या कार्यशाळेत तयार होणार म्हणून आठ दिवस आम्ही फरशा घासत होतो.

समितीच्या मॅडम पुण्याच्या. त्यांनी माणसांची पातळी मोजायची एक परीक्षा बनवली होती. ती सगळ्यांसमोर चालवून दाखवायची होती. "एखादी अगदी कोरी व्यक्ती मिळेल का?" त्यांनी विचारलं. आमच्या साहेबांनी सभागृहात नजर फिरवली आणि पिशव्यांच्या ढिगाजवळ मी दिसले.

"बाम्मा इल्लि," साहेब म्हणाले. इकडे ये.

गेले. बसले. पंचवीस वर्षं साहेब लोकांनी बोलावलं की जायचं हेच अंगात मुरलेलं.

प्रश्न इंग्रजीत होते. मला इंग्रजी वाचता येतं, पुस्तकाच्या कण्यावरचं नाव असतं तेवढं. एक एक शब्द जोडेपर्यंत प्रश्न निघून जायचा. बूलियन ऑपरेटर कुठला निवडाल. सायटेशनची शैली कुठली. मी एक ठिकाणी दाबलं, बाण दुसरीकडे गेला. मागे कोणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. लहान मूल चालताना पडलं की हसतात तसं. एकाने माझा फोटो काढला.

वेळ संपली. पडद्यावर लाल अक्षरं आली. लेव्हल झिरो.

टाळ्या वाजल्या. यंत्र बरोबर चाललं म्हणून. मॅडम म्हणाल्या, "परफेक्ट. टूल अगदी अचूक पकडतंय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हणाल्या, "घाबरलीस का गं? काही नाही, छान केलंस."

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. मॅडम माझ्यापेक्षा लहानच असतील. मला त्या "गं"ची इतकी लाज वाटली की उठताना पिशव्यांचा ढीग पडला आणि मी तो वाकून गोळा करत बसले. राग नंतर आला. राग यायला मला नेहमी उशीर होतो.

हे मी मराठीत लिहितेय ते मॅडमना वाचता यावं म्हणून. माझी शाळा कन्नडमध्ये झाली. मराठी अक्षरं मी विठ्ठलाच्या देवळात, एकादशीच्या भजनाच्या वहीतून शिकले. आम्ही शिंपी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलो ते कोणाला नीट सांगता येत नाही. देवराज मोहल्ल्यात वडिलांचं दुकान होतं, दोन मशीन आणि एक लाकडी फळी. आमच्या मराठीत निम्मं कन्नड. कार्यशाळेत चहाच्या वेळी मी मॅडमशी आपुलकीने बोलायला गेले तर त्या शेजारच्यांना म्हणाल्या, "ऐका हिचं मराठी, किती गोड!" मी रिकामे कप गोळा करायला लागले.

वडिलांचा एक नेम होता. चिठ्ठीवर कापड कापायचं नाही. गिऱ्हाइकं दुसऱ्या शिंप्याकडची मापाची चिठ्ठी घेऊन यायची, घाईत असायची. वडील चिठ्ठी बाजूला ठेवायचे, गळ्यातली टेप काढायचे आणि म्हणायचे, "हात वर करा." त्यालाही कारण होतं. उमेदीच्या काळात एका नवरदेवाचा कोट त्यांनी चिठ्ठीवरून कापला होता. चिठ्ठी त्याच्या थोरल्या भावाची निघाली. लग्नात तो पोरगा लांब झालेल्या बाह्या लपवायला हात दुमडून उभा राहिला, आणि आमच्या समाजात वर्षभर वडिलांना त्या कोटावरून टोमणे खावे लागले. तेव्हापासून नेम.

मी ग्रंथालयात अटेंडर म्हणून लागले. पुस्तकं लावायची, पुसायची, साहेबांना फाइल न्यायची. काउंटरवरचे गृहस्थ निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, म्हणून मला बसवलं. तात्पुरतं. ते तात्पुरतं अकरा वर्षं चाललं. लोक नुसती पुस्तकं मागायला येत नाहीत, हे मला तिथे कळलं. लोक कागद घेऊन येतात. फोनवर आलेला निरोप दाखवतात. "अक्का, हे खरं का?" म्हणतात.

मला काय येत होतं? वडिलांचा नेम येत होता. कागद समोर आला की मी आधी तो वाचतच नसे. विचारायची, हे कुठून आलं? तुला कोणी पाठवलं? त्याला कोणी? कागदावर फोन नंबर असला तर तो लावायचा नाही. त्या ऑफिसचा नंबर दुसरीकडून शोधायचा, मग फोन करायचा आणि विचारायचं, तुम्ही असं पत्र पाठवलंय का? निम्मी भुतं तिथेच पळायची. कोण काय घेऊन आलं आणि शेवटी काय निघालं, हे मी एका वहीत लिहून ठेवायची. कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी मी ती वही धीर करून मॅडमना दिली. त्यांनी चार पानं उलटली.

"कन्नड आहे गं हे सगळं. आणि असले किस्से आराखड्यात नाही घेता येत." मग चहाचा कप त्यांनी वहीवर ठेवला. मुद्दाम नाही. टेबलावर जागा नव्हती.

त्यांचा मसुदा बाहेरच्या देशातल्या आराखड्यावर बेतलेला होता. त्यांनीच भाषणात अभिमानाने सांगितलं. मला कोटाची आठवण झाली. पण पिशव्या वाटणाऱ्या बाईला कोण विचारतंय.

दोन महिन्यांनी ऑफिस ऑर्डर आली. ग्रंथालय नवा आराखडा पहिल्यांदा राबवणार. वाचकांच्या काउंटरवर यापुढे दुसऱ्या पातळीच्या वरचेच कर्मचारी. माझी पातळी कागदावर होती, शून्य. मला खाली बायंडिंगमध्ये पाठवलं. मी साहेबांना म्हटलं, "सार, ती परीक्षा नुसती दाखवायला होती ना?" साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. "रेकॉर्ड आहे अम्मा. नान् एन् माडलि?" मी काय करू. वीस वर्षं ज्यांच्या फाइली वाहिल्या, त्यांच्याही हातात काही नव्हतं. निदान ते तसं म्हणाले.

बायंडिंग तळघरात आहे. फाटकी पुस्तकं शिवायची, नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे, नंबर चिकटवायचे. तालुक्यांच्या वाचनालयांना जाणारी पुस्तकंही तिथूनच जातात. काम वाईट नाही. सुई-दोरा आमच्या घरातलाच. पण वर काउंटरवर रोज माणसं येत होती आणि मी त्यांच्या पायाखाली बसले होते.

गौरम्मा सरगूरची. नवऱ्याला साखरेचा आजार. कुठल्याशा पाल्याने आजार जातो असा निरोप तिच्या फोनवर आला तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. तो निरोप कुठून निघाला ते शोधून मी तिला दाखवलं, मग तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यानंतर घरात कुठलाही कागद आला की ती बस पकडून यायची. मी उगाच येऊ नको म्हणायची. ती यायचीच.

मी खाली गेल्यानंतर ती आली. मुलगी बारावी झाली होती, नर्सिंगला जायचं होतं. एका कॉलेजचं पत्र आलं होतं. गोल शिक्का, रंगीत कागद, आठ दिवसांत मूळ मार्क्स कार्ड पाठवा, नाही तर जागा जाईल. काउंटरवरच्या नव्या माणसाने तिला सांगितलं, प्रश्न ऑनलाइन नोंदवा, तीन दिवसांत उत्तर येईल. माणूस वाईट नाही तो. त्याला तसंच शिकवलंय. तिने माझ्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, त्या आता या कामावर नाहीत. गौरम्मा दुपारच्या बसपर्यंत पायऱ्यांवर बसून राहिली आणि गेली. मी तेव्हा तीस पायऱ्या खाली पुस्तक शिवत होते.

तिने मार्क्स कार्ड पाठवून दिली. त्या पत्त्यावर कॉलेज नव्हतं. बंद शटर होतं.

तिने मला तळघरात शोधून काढलं तेव्हा उशीर झाला होता. मुलीचं वर्ष गेलं होतं. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "नीवु इरलिल्ला, अक्का." तुम्ही नव्हतात. मी तिला पाणी दिलं. नक्कल मिळवायचा अर्ज लिहून दिला. दुसरं माझ्या हातात काही नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. मी तिथेच होते आणि मी नव्हते. याला काय म्हणतात ते मला अजून सांगता येत नाही.

दसऱ्याच्या सुट्ट्या संपल्यावर आराखड्याचा समारोप झाला. मला साडी नीट नेसून यायला सांगितलं. मॅडमनी हातात एक कागद दिला. वर इंग्रजीत छापलेलं होतं, आणि खाली माझ्यासाठी त्यांनी पेनाने मराठीत लिहिलं होतं, सुंदर अक्षरात. "माहिती म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. या आराखड्यामुळे माझे डोळे उघडले. आज मी वाचकांना मदत करू शकते."

"माईकवर वाच. दोनच मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

मी ते तीनदा वाचलं. मग अकरा वर्षं काउंटरवर जे विचारत आले तेच तोंडातून निघालं.

"मॅडम, हे कुठून आलं?"

"म्हणजे?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर नाही सांगितलं."

"अगं, अशा कार्यक्रमात असंच असतं. प्रातिनिधिक आहे ते."

"मी वाचत नाही. हे सुळ्ळु आहे."

सुळ्ळु म्हणजे खोटं. मला मराठी शब्द माहीत आहे. पण त्या क्षणी आतून जो आला तो कन्नड होता. मॅडमनी साहेबांकडे पाहिलं, "काय म्हणते ही?" साहेबांना कळलं होतं. ते बुटांकडे बघत राहिले.

"विचार कर," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुझ्याच भल्याचं आहे. पुन्हा काउंटरवर घेता येईल तुला."

खोटं बोलणार नाही. एक क्षण माझं मन डळमळलं. काउंटर परत मिळाला तर गौरम्मासारखं पुन्हा होणार नाही, तीन वाक्यांनी काय होतंय, असं वाटलं. पण मग रोज तिथे बसून लोकांना काय विचारणार होते? हे कुठून आलं, म्हणून? मी कागद घडी घालून मॅडमच्या हातात दिला आणि तळघरात गेले. वर टाळ्या ऐकू येत होत्या. माझ्यावाचून काही अडलं नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान. मॅडमच्या मसुद्याच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं, स्रोत विचारा.

उन्हाळ्यात आराखडा छापून आला. जाड कागद, चकचकीत मुखपृष्ठ. गठ्ठे माझ्याच टेबलावर आले. शिक्के मीच मारायचे. पान एकसष्टवर माझा फोटो. हातात माऊस, तोंड थोडं उघडं. खाली तीच तीन वाक्यं, अवतरणचिन्हांत. जणू मीच म्हटलेली. शेजारी लिहिलंय, शून्य पातळीवरील सहभागी.

मी नाही म्हटलं होतं. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. माझं "नाही" कुठेच छापलं गेलं नाही, आणि ही वाक्यं देशभरातल्या ग्रंथालयांत गेली. ती परत आणायची ताकद माझ्यात नाही. तक्रार केली, उत्तर आलं नाही. मॅडमना पत्र लिहिलं, त्याचंही नाही.

पण या ग्रंथालयाच्या प्रती माझ्या टेबलावरून जातात. सरगूरला जाणारी, टी. नरसीपूरला जाणारी, प्रत्येक. आणि छापील पुस्तकात चूक राहिली की त्या पानावर शुद्धिपत्रक चिकटवायचं, हा आमच्या कामाचा जुना रिवाज. मी पट्ट्या कापल्या. कन्नडमध्ये आणि मराठीत, माझ्या अक्षरात लिहिलं:

"शुद्धिपत्रक. पान ६१. या बाईने ही वाक्यं म्हटलेली नाहीत. तिला वाचायला दिली होती, तिने नकार दिला. खात्री करायची असेल तर तळघरात बायंडिंगमध्ये येऊन तिला विचारा." खाली माझं पूर्ण नाव आणि सही.

साहेबांनी एका प्रतीतली पट्टी ओली करून काढायला लावली. मेमो दिला. मी मेमो फाइलला लावला आणि दुसऱ्या दिवशी त्या प्रतीत नवी पट्टी चिकटवली. ती त्यांनी काढली. मी पुन्हा लावली. आता चौथी आहे.

परवा टी. नरसीपूरहून एक मास्तर पुस्तक हातात घेऊन खाली आले. "हे लिहिणाऱ्या बाई तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, स्टूल पुढे सरकवलं आणि वही उघडली. चहाच्या डागाची तीच.

साहेब काढतील. मी लावीन. माझ्या नोकरीची अजून तेरा वर्षं आहेत, आणि खळ मी रोज सकाळी नवी शिजवते.