पत्र्यावरची मार्गारेटा

आमच्या ऱ्हाइनकाठच्या गावात ओटिलिए बत्तीस वर्षं एकच काम करत होती. उस्ताद योब्स्ट तांब्याच्या पत्र्यावर संत कोरायचा आणि ती त्यांचे छाप काढायची. पत्रा किती तापवायचा, शाई किती पुसायची, हे तिच्या तळहाताला कळायचं. सगळ्यांत जास्त खपायची ती अजगराला पायाखाली घेतलेली संत मार्गारेटा. बाळंतीण सुखरूप सुटावी म्हणून तिच्या उशाशी मार्गारेटेचं चित्र ठेवायची आमच्यात रीतच होती.

त्या वर्षी नव्या पंथाचं वारं आलं. संतांची चित्रं म्हणजे पाप, असं म्हणत माणसं घरोघर शिरू लागली. एका सकाळी ती आमच्या गल्लीत आली. सगळ्यांत पुढे कोपऱ्यावरचा पाववाला गांगोल्फ, हातात हातोडा.

योब्स्ट मागच्या दारानं पळाला. मी समोरच राहायचे, म्हणून धावत ओटिलिएकडे गेले. शेगडीवर मार्गारेटेचा पत्रा तापत होता. ओटिलिएनं तो तसाच उचलला, एप्रनखाली पोटाशी धरला आणि वर हातांची घडी घातली.

"मावशी, पत्रे कुठायत?" गांगोल्फ आत आला.

"फळीवर. ने."

"यात मार्गारेटा नाही."

"मालकांना विचार."

"मालक पळाला तुझा! आणि तुला एवढा घाम का फुटलाय?"

"शेगडीपाशी उभा राहून बघ की! तिन्ही पोरांच्या वेळी मार्गारेटा मागायला माझ्याकडेच पळत आला होतास. तेव्हा नाही पाप लागलं?"

मागचे लोक हसले. गांगोल्फ लालबुंद झाला. फळीवरचे पत्रे त्यानं ठेचले, कागदांचे गठ्ठे अंगणात पेटवले. ते जळेपर्यंत कोणी हललं नाही. ओटिलिएही नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते.

ते गेल्यावर मी तिचा एप्रन सोडला. पत्र्याबरोबर पोटाची कातडी निघाली.

दुपारी योब्स्ट परतला. पत्रा पाहून रडला. पण आठवड्याभरात त्यानं मार्गारेटेचं तेजोवलय घासून काढलं, अजगराचा कुत्रा केला.

"आता ही नुसती घरंदाज बाई. बिनधोक खपेल. काढ छाप."

"तुम्हीच काढा," ओटिलिए म्हणाली.

"अगं, जीव वाचवायचा की नाही?"

"तुमचा वाचला ना?"

जखम भरायला दीड महिना लागला. मग ती कोलोनला जाणाऱ्या नावेत बसली. तिकडे अजून जुनाच धर्म होता. वर्षानं माझी नणंद तिकडून आली, तेव्हा कळलं: ओटिलिएला एका छापखान्यात काम मिळालंय, आणि शाई पातळ करतो म्हणून ती नव्या मालकाशी रोज भांडते.