ए टू झेड लावलेला बर्फाचा समुद्र

काल संध्याकाळी सिंगापूरमधल्या मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी बंद, सगळे घामाघूम, आणि डायनिंग टेबलवर बर्फाचा समुद्र! विसरायच्या आत लगेच लिहून टाकते...

समोरच्या फ्लॅटमधले जेरल्ड अंकल कॅनडाच्या न्यूफाउंडलंडचे. त्यांचे वडील तरुणपणी जहाजातून बर्फावर सीलच्या शिकारीला जायचे. शिकार म्हटल्यावर मला कसंसंच झालं होतं, पण त्या लोकांच्या बोलीतले शब्द ऐकले आणि मी खलासच झाले!

सील म्हणजे 'स्वाइल'. पांढरंशुभ्र पिल्लू 'व्हाइटकोट', जरा मोठं पण वयात न आलेलं 'बेडलॅमर'. बर्फाच्या एका लादीवरून दुसरीवर उड्या मारत जाणं, त्याला म्हणे 'कॉपी'...

वडील शेवटच्या आजारात हे शब्द एकेक करून सांगत होते आणि अंकल चिठ्ठ्यांवर लिहून घेत होते. चाळीस चिठ्ठ्या, बिस्किटांच्या डब्यात. येत्या रविवारी अंकल गावी जाणार आणि वडिलांच्या वर्षश्राद्धासारखं काहीतरी असतं, तिथे सगळ्यांसमोर त्या वाचणार. मला फक्त टाइप करून द्यायच्या होत्या.

आता मी पडले फायनान्सवाली. एक्सेलमध्ये ए टू झेड सॉर्ट केलं, चिठ्ठ्याही त्याच क्रमाने लावल्या आणि वर रबरबँड! अंकल घरी आले तसा मोठ्या ऐटीत डबा परत दिला.

अंकलचा चेहरा पडला. वडिलांनी शब्द एका ठरावीक क्रमाने सांगितले होते आणि डब्यात चिठ्ठ्या तशाच लागलेल्या होत्या. मध्येच अडकले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. "मी नुसता लिहीत होतो गं, क्रमाकडे लक्षच नव्हतं," एवढंच म्हणाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं...

तेवढ्यात माझे बाबा गॅलरीतून आत आले. बाबा कोकणातल्या हर्णैचे, चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान होते. सध्या महिनाभर आमच्याकडे आहेत आणि जाम कंटाळलेत. काय झालंय ते त्यांना सांगितलं, तर सरळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, एकेकाचा अर्थ सांग.

अंकल इंग्रजीत सांगायचे, मी मराठीत, आणि बाबा चिठ्ठी उचलून टेबलावर ठेवायचे. जहाज सुटतं ते आधी, शिकार ओढायचा दोर नंतर, पिल्लू आधी, म्हातारा सील शेवटी. जन्मात बर्फ पाहिला नाही तो फ्रिजमधला सोडून, पण हात कुठे अडेल तर शपथ! माझी लेक बाजूला नाचत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडत होती, "आजोबा damn power lah!" म्हणजे आजोबा एकदम भारी!

एक चिठ्ठी मात्र त्यांनी उचलून सगळ्यांच्या आधी ठेवली. 'स्वॉच'. बर्फामधलं उघडं पाणी, पाय घसरला की माणूस गेलाच.

मी म्हटलं, बाबा, अजून जहाजसुद्धा सुटलं नाही! बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "नवा खलाशी आयला का त्याला पयले खडक दाखवाचं. जालं मंग."

मी हे अंकलना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ती चिठ्ठी उचलली, मग स्वतःचं मनगट धरून म्हणाले, "पहिला शब्द सांगताना माझ्या वडिलांनी माझा हात असा धरला होता. मला वाटलं, दुखतंय म्हणून."

बाकीचा क्रम शंभर टक्के तोच आहे का, कोणाला ठाऊक? पण अंकल आता याच क्रमाने वाचणार आहेत. आणि मी? बत्तीस वर्षं या माणसाच्या घरची लेक आहे, पण बोटीवर पहिल्या दिवशी त्यांचा हात कोणी धरला होता, हे मी आज सकाळी चहा पिताना पहिल्यांदा विचारलं. बाबा अजून सांगतायत...