पत्रं किती आली, एवढंच सांगायचं

ज्या ऑफिसात मोकळेपणाने बोलता येतं, तिथले किस्से रोजच्या रोज सांगून संपतात. आमच्या ऑफिसात निम्म्या गोष्टी बोलायच्याच नसतात. त्यामुळे किस्से नुसते साठत जातात, माळ्यावरच्या डब्यांसारखे. त्यातले जे उघडायला हरकत नाही, तेवढेच आज उघडते.

मी नाशिकरोडला एका छोट्या इंटरनेट कंपनीत आहे. जेल रोडपासून एकलहऱ्यापर्यंत आमच्या वायरी. मालक दिनकरभाऊ, पूर्वीचे केबलवाले. वायरी जोडणारा इम्रान, मालेगावचा. आणि आवक-जावक बघणारी मी, बारावी पास सुमनताई.

अधूनमधून आमच्याकडे पोलिसांचं पत्र येतं. अमुक दिवशी, अमुक वेळेला हे कनेक्शन कोणाचं होतं, ते कळवा. अशी पत्रं वर्षात किती आली, हे आम्ही आता जाहीर करतो. म्हणजे मी मोजते, मी सही करते आणि भाऊ छापतात. आकडा सांगायचा, बाकी तोंड बंद. एक नाव जरी बाहेर गेलं तर कंपनीचं लायसन्स जाईल, आणि त्याच्याआधी माझी नोकरी.

* * *

सगळ्यात पहिलं पत्र आलं तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यात एक कनेक्शन, एक तारीख आणि वेळ होती. मला वाटलं, त्या वेळी नेट बंद पडलं असेल. मी ते तक्रारीच्या फायलीत लावलं.

आमच्याकडे पद्धत अशी, की तक्रार आली की तासाभरात ग्राहकाला फोन करायचा. मी फोन लावला. रिंग वाजत होती. तेवढ्यात इम्रानने सहज फाईल उघडली आणि पत्रावरचा शिक्का बघून माझ्या हातातला रिसीव्हरच खाली दाबला.

"ताई, ज्याच्याबद्दल पोलिस विचारतायत, त्यालाच विचारताय का, सेवा समाधानकारक आहे ना म्हणून?"

त्या दिवशी त्या पत्रांसाठी वेगळं कपाट आलं. किल्ली माझ्या मंगळसूत्राशेजारी.

* * *

आकडा छापायची कल्पना कोणाची म्हणाल, तर एका ग्राहकाची. वर्षातून एकदा भाऊ ग्राहकांना हॉलवर बोलावतात, चिवडा-पेढे देतात, अडचणी ऐकतात. त्यात एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले एक काका उभे राहिले.

"दिनकर, माझ्या घरची वीज किती जळाली, ते मला मीटरवर दिसतं. आमची माहिती तुम्ही सरकारला वर्षात कितीदा देता, त्याचं मीटर कुठंय?"

भाऊंच्या हातात माईक होता. भाऊंच्या हातात माईक आला की घरचे लोकसुद्धा घाबरतात.

"काका, दरवर्षी छापीन. दारावर लावीन."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ताई, मी काल नेमकं काय काय कबूल केलंय?"

* * *

मग वकीलबाई आल्या, देवरे मॅडम. त्या म्हणाल्या, "पत्रातला मजकूर गुप्त, कोणाबद्दल तेही गुप्त. नुसता आकडा सांगायचा की नाही, याबद्दल मला स्पष्ट काही सापडत नाही. लेखी विचारून घेऊ."

वर, दूरसंचार खात्याला विचारलं. आम्ही रोज पोस्टमनची वाट बघायचो, बोर्डाच्या रिझल्टची बघावी तशी. चार महिन्यांनी जाड पाकीट आलं. सगळे गोळा झाले. भाऊंनी हात पुसून पाकीट हातात घेतलं. त्यावरच ठसठशीत शिक्का होता: गोपनीय.

मॅडमनी वाचलं आणि घडी घालून ठेवलं.

"काय म्हणतायत?" भाऊंनी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. मग हसल्या. "आकडा छापा तुम्ही."

इम्रानची शंका वेगळीच. "मॅडम, हे पत्रपण मोजायचं का?"

* * *

मॅडमनी अजून एक वाट सांगितली होती. बाहेरच्या देशात काही कंपन्यांना नेमका आकडा सांगता येत नाही, म्हणून त्या पट्टा सांगतात. शून्य ते अडीचशे, असा.

भाऊंनी हात जोडले. "मॅडम, आपला नाशिककर शून्य वाचतच नाही. तो अडीचशेच वाचणार आणि संध्याकाळपर्यंत पाचशे सांगणार."

* * *

नेमका आकडा द्यायचा ठरलं. मग भांडण सुरू झालं की एक म्हणजे काय? एका पत्रात चार कनेक्शनं विचारली, तर ते एक धरायचं की चार? इम्रान म्हणाला एक, भाऊ म्हणाले चार. दोघांचा चहा गार झाला.

माझं माहेर चांदवड. लहानपणी वडिलांबरोबर कांद्याच्या मार्केटला जायचे. मी म्हटलं, "भाऊ, मार्केटला ट्रॉल्या किती आल्या तेही लिहितात आणि क्विंटल किती तेही लिहितात. नुसत्या ट्रॉल्या सांगितल्या तर शेतकरी ऐकून घेईल का?"

दोन रकाने झाले. पत्रं किती आणि कनेक्शनं किती. देवरे मॅडमनी मसुदा बघितला आणि विचारलं, "हे कोणत्या कंपनीवरून घेतलंत?"

भाऊ म्हणाले, "कांद्यावरून."

* * *

तिसरा रकाना आला तो खैरनार हवालदारांमुळे. आमच्या भागातली पत्रं तेच हाताने आणून देतात. सटाण्याकडचे, उंच, अतिशय सभ्य माणूस. एकदा त्यांनी आणलेल्या पत्रावर साहेबांची सहीच नव्हती.

मी म्हटलं, "हे मला घेता येणार नाही."

"ताई, साहेब लय चिडतील."

"चिडू द्या. चिडल्यावर सही करतील."

ते बसून राहिले. पाणी प्यायले. कपाळ पुसलं. मग पत्र परत पिशवीत घालत म्हणाले, "हे परत केलेलं पण छापणार तुम्ही?"

"हो. 'माहिती दिली नाही' म्हणून तिसरा रकाना करणार."

"चांगलंय," खैरनार म्हणाले. "उन्हातानात सायकल मारली त्याची कुठंतरी नोंद होईल."

ते पत्र काही परत आलं नाही.

* * *

या कामाचा त्रास घरी. आमच्या जाऊबाईंना सगळं माहीत पाहिजे असतं. "अगं, गल्लीतलं कोणी आहे का गं त्या पत्रांत? आडनाव नको सांगू, घर डाव्या हाताचं का उजव्या, एवढंच सांग."

मी लसूण सोलत राहिले. मग त्या आमच्या ह्यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला तरी सांगते का हो काही?"

हे म्हणाले, "वहिनी, आज भाजी कोणती, हेसुद्धा मला ताट वाढल्यावर कळतं."

* * *

पहिला कागद छापला त्या दिवशी मी काठाची साडी नेसून गेले होते. हसू नका. माझ्या सहीचा कागद असा दारावर लागण्याची माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. आदल्या दिवशी मी कपाटातली पत्रं तीनदा मोजली, इम्रानने दोनदा. पत्रं अठरा. कनेक्शनं सव्वीस. माहिती दिली नाही, तीन.

एकलहऱ्याचे काका बसने आले. चष्मा लावून उभ्याउभ्या वाचलं. परत वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच, काका."

"मग लपवत कशाला होता इतकी वर्षं?" असं म्हणून त्यांनी एक प्रत मागून घेतली आणि चौकोनी घडी करून खिशात घातली. भाऊंनी पेढे वाटले. आम्ही सगळे इतके खुशीत होतो, की एका ग्राहकाचं नेट सकाळपासून बंद आहे, हे दुपारी लक्षात आलं.

* * *

आणि हा त्याच आठवड्यातला. खैरनार आले ते साध्या कपड्यांत, हातात पिशवी नाही. त्यांच्या घरी आमचंच कनेक्शन होतं, त्याचं बिल भरायला आले होते. माझ्या टेबलाकडे यायच्या आधी दारावरच्या कागदापुढे थांबले. बराच वेळ थांबले. मग आत आले आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसले.

"ताई, या भागातली सगळी पत्रं मीच आणतो ना?"

मी पावतीपुस्तक उघडलं.

"मी माझ्या डायरीत लिहितो. वर्षात सतरा आणली. परत नेलेली धरून सतरा. दारावर अठरा लिहिलंय."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"मला टाळून आलेलं ते एक कोणाबद्दल, ते विचारत नाय मी. तुम्ही सांगणारबी नाय, मला म्हायती आहे. पण मोजताना चूक होऊ शकते ना माणसाची? एखादं दोनदा धरलं जातं."

'हो, चुकलं असेल' एवढं म्हटलं असतं तर तो भला माणूस शांतपणे घरी गेला असता. पण बाहेर दारावर माझी सही होती.

चिंतेत असले की खैरनार गावाकडचं बोलतात. पुढे वाकून म्हणाले, "ताई, हाऊ आकडा बराबर शे का?"

"आकडा बरोबर आहे, खैरनार."

त्यांनी मान हलवली. बिल भरलं. पावती नीट घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "कनेक्शन बंद करायचा फॉर्म असतो ना? एक द्या."

मी दिला. त्यांनी माझ्याच पेनने भरला. नाव, पत्ता, सही. खाली एक रकाना असतो, बंद करण्याचं कारण. तिथे त्यांनी लिहिलं, 'स्पीड कमी'.

त्यांच्या घरी आमचा सगळ्यात फास्ट प्लॅन होता.