पाहुण्यांसमोरची पडकई

जुन्नरच्या पश्चिमेला, आंबे-हातवीजच्या अंगाला, डोंगराच्या काखेत एक लहानशी वाडी आहे. तिथं सावळेराम राहायचा. माणूस बोलायला कमी आणि मानाला फार. तो कुणाच्या दारात मागायला गेला नाही, आणि कुणाच्या दारातून बोलावणं आल्यावर घरी बसून राहिला, असंही कधी झालं नाही.

डोंगराच्या उतारावर भात होत नाही. भाताला पाणी धरून बसणारी सपाट जागा लागते, आणि डोंगर ती फुकट देत नाही. वरची माती खाली ओढायची, खालच्या अंगाला दगडांचा ताल, म्हणजे आडवा बांध, रचायचा, तेव्हा कुठं एक खाचर तयार होतं. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. म्हणून उन्हाळ्यात वाडीत पडकई निघायची. ज्याचं खाचर करायचं तो घरोघर सांगून यायचा, आणि दिवस उगवायला घरटी एक माणूस कुदळ-फावडं घेऊन हजर. बांधावर ढोल वाजायचा आणि ढोलाच्या ठेक्यावर एका ओळीत कुदळी उठायच्या. मजुरी कुणी द्यायची नाही, कुणी मागायची नाही. दुपारी नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण, बस्स. आज तू माझ्याकडं आलास, उद्या मी तुझ्याकडं. याला पाळी म्हणत. पाळी अंगावर ठेवून माणूस मरत नसे. मेलाच, तर त्याचा मुलगा ती फेडायचा.

सावळेराम मिसरूड फुटल्यापासून प्रत्येकाच्या पडकईला गेला होता. वाडीतलं एक खाचर असं नव्हतं, ज्याच्या तालात त्याच्या हातचा दगड नाही. त्याची स्वतःची खाचरं मात्र दोनच, आणि त्यांतला तांदूळ शिमग्याला संपायचा. म्हणून त्याचा मुलगा सुनील नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलायला गेला. सणाला आला की बापाजवळ ओट्यावर बसायचा आणि घराखालच्या उताराकडं बघायचा. तिथं माती खोल होती.

"दादा, एवढा उतार खाचरात आला तर मी माघारी येतो," एका दिवाळीत तो म्हणाला. "वरसाचं खायाला पिकलं तर मला काय हौस हाये, लोकांचे टोमॅटो वाहायची?"

सावळेरामानं ते मनात धरलं. येत्या उन्हाळ्यात उतार फोडायचाच, असं त्यानं ठरवलं.

त्याच सुमारास, म्हणजे एकोणीसशे नव्व्याण्णव-दोन हजारच्या आसपास, वाडीत पाहुण्यांचं येणं सुरू झालं होतं. नारायणगावाशेजारच्या वारूळवाडीची वृषाली नावाची मुलगी पुण्यात शिकली होती आणि तिथल्या लोकांच्या लहान लहान सहली काढायची. लेण्याद्री, नाणेघाट, कुकडेश्वर दाखवून झालं की जिथं कुणी जात नाही अशा ठिकाणी न्यायची. गाडी आंबे गावात थांबायची, पुढं पायवाट. मुक्काम सावळेरामाच्या घरी. येणारी माणसं चांगली असत. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बँकेतले साहेब. कारवीच्या कुडाच्या भिंतीला हात लावून बघत, अंबाबाईच्या चुलीपुढं मांडी घालून बसत.

"एवढं लांबून येत्यात आन् चूल बघून जात्यात," अंबाबाई म्हणायची. पण पाहुणे यायचे म्हटलं की आदल्या दिवशी घर सारवायची.

शेजारचा गेणू पडकईचा ढोलकरी. त्याची जीभ ढोलापेक्षा खणखणीत.

"सावळेराम, पावण्यांना दावतो काय रं तू? डोंगर तर त्यांना गाडीतनंबी दिसतो."

"चढल्यावर धाप कशी लागती, ते दावतो."

"मग पैसं धापेचं घेतो व्हय?"

दोघं हसायचे. त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सावळेरामानं पडकईचं घरोघर सांगितलं, तेव्हा वृषाली एक सहल घेऊन येणार होती. पडकईचं ऐकून तिचे डोळे चमकले. "मामा, आमचे लोक यायच्या दिवशीच ठेवाल का? असं काही त्यांनी कुठंच पाहिलेलं नाही." सावळेरामाला त्यात गैर दिसलं नाही. उलट बरं वाटलं. आपल्या डोंगराची रीत चार शहाण्या माणसांनी बघावी, असं त्याला वाटलं. त्यानं दिवस पुढं ढकलला आणि पुन्हा घरोघर जाऊन सांगून आला.

पडकई झाली ती देखणी. गेणूनं असा ढोल लावला की म्हाताऱ्यांचे हातसुद्धा थांबेनात. उताराची माती ढेकळाढेकळानं सुटत होती. खाली ताल चढत होता. पाहुण्यांनी फोटो काढले, दोघा-तिघांनी कुदळ धरून बघितली, तळव्यांना फोड आणून हसत बाजूला झाले. संध्याकाळपर्यंत निम्मं खाचर आकाराला आलं. उतारालगतच्या ओहोळाच्या अंगाचं तालाचं तोंड तेवढं उघडं राहिलं. ते पुढच्या पडकईला बांधायचं होतं.

निघताना पाहुण्यांनी गाडीतून आणलेली ब्लँकेटं काढली. आपसात वर्गणी करून घेतली होती, कष्ट करणाऱ्या प्रत्येकाला एक. पहिलं ब्लँकेट गेणूच्या पुढं आलं. गेणूनं हात पुढं केला नाही. तो सावळेरामाकडं बघत राहिला. सगळेच बघत राहिले.

पाहुण्यांचा हात असा हवेत राहावा, हे सावळेरामाच्या मानी जिवाला सोसवेना. आपल्या दारातून कुणाची वस्तू माघारी जावी? तो म्हणाला, "घ्या की राव. पावण्यांचा मान हाये."

मग सगळ्यांनी घेतलं. गेणूनं ब्लँकेट खांद्यावर टाकलं, ढोल उचलला आणि पायवाटेला लागला.

पुढची पडकई सांगायला सावळेराम निघाला तेव्हा वैशाख सरत आला होता. पहिल्या घरात "बघू" म्हणाले. दुसऱ्या घरात माणूस असून नाही म्हणून सांगितलं. ठरल्या सकाळी तो ओट्यावर उभा राहिला. अंबाबाईनं भाकरीची चळत थापून ठेवली होती. ऊन घराच्या आढ्यावर आलं तरी वाट रिकामीच. तेव्हा तो गेणूकडं गेला. गेणू दारात बसून दोर वळत होता.

"का रं, रुसलीय का वाडी?"

"रुसाया काय झालंय," गेणू मान वर न करता म्हणाला. "कुनाचं तुझ्यावर वाकडं न्हाई."

"मग?"

"आमच्या अंगावर तुझी पाळी व्हती, सावळेराम. बापापासनंची. ती आमी ब्लँकेटात गुंडाळून घरी आनली. मोबदला घेतला तिथं पाळी ऱ्हाती का?"

"आरं, मजुरी न्हवती ती. पावण्यांनी खुशीनं दिलं."

"घ्या म्हनून कोन म्हनलं?"

सावळेराम त्याच्या शेजारी उंबऱ्यावर टेकला.

"तू न्हाई म्हनला असता तर आमी शिवलो नसतो," गेणू म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "धाकटी पोरं काय म्हनत्यात ठावं हाये? पावणं येनार असतील तर सांगा, न्हाईतर फुकाट कोन राबतंय. मी एकटा आलो तर माझा म्हातारा ढोल आन् तुझी कुदळ. त्यानं ओहोळाचं तोंड बांधंल का?"

मजूर लावायचं सावळेरामाच्या मनात आलं नाही असं नाही. पण वाडीच्या पाळीनं उचललेला ताल रोजगाऱ्यांकडून पुरा करून घ्यायचा, ही गोष्ट त्याच्या गळ्याखाली उतरेना. नवराबायको दोघंच कामाला लागली. सावळेराम दगड लोटायचा, अंबाबाई पाटीनं माती ओढायची. सुनील एकदा येऊन गेला, पण टोमॅटोचा हंगाम भरात होता, आडत्या सोडेना. मिरगाच्या तोंडाला तालाचं तोंड अजून पुरुषभर उघडं होतं.

डोंगरात पाऊस पडायला लागला की कुणाची वाट बघत नाही. उघड्या तोंडातून ओहोळ शिरला. आधी गढूळ पाणी गेलं, मग मोकळी केलेली सगळी माती गेली. न फोडलेला उतार गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवला असता. फोडलेल्याला धरायला काहीच नव्हतं. आषाढात उघडीप पडली तेव्हा घराखाली काळा खडक धुऊन निघाला होता.

सुनील श्रावणात आला. खडकाकडं बघितलं, बापाकडं बघितलं नाही. पुढच्या वर्षी त्यानं वारूळवाडीत खोली घेतली आणि तिथल्याच उज्ज्वला नावाच्या मुलीशी लग्न करून संसार मांडला. "तुमीबी चला," तो म्हणायचा. पुढंपुढं ते म्हणणंही कमी झालं.

वृषालीला हे कळलं तेव्हा ती रडली. सावळेरामानंच तिची समजूत घातली. सहली येत राहिल्या. आता पडकई खालच्या वाडीत व्हायची, पाहुणे असतील त्या दिवशी, ठरलेल्या रोजंदारीवर. गेणू तिथं ढोल वाजवायचा. सावळेराम पाहुण्यांना तिथवर वाट दाखवायचा आणि बांधाच्या अलीकडूनच माघारी फिरायचा.

बऱ्याच वर्षांनी वाडीतल्या धोंडाबाई नावाच्या एका विधवेच्या खाचराचा ताल ढासळला. तिनं जुन्या रीतीनं घरोघर सांगितलं. आला तो एकटा सावळेराम. साठी उलटलेला माणूस, दिवसभर दगड बसवत राहिला आणि तिची भाकरी खाऊन घरी आला.

दुसऱ्या उन्हाळ्यात धोंडाबाई कुदळ खांद्यावर घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"चल दादा, तुझी पाळी फेडाया आले."

"कुठं फेडतीस, बाई? काय ऱ्हायलंय हितं?"

"मी अंगावर घेऊन मरू का मग?"

ती त्याच्या बोलण्याला न थांबता खाली उतरली. जिथं खाचर व्हायचं होतं तिथं पदर खोचून उभी राहिली आणि तिनं कुदळ मारली. खडकावर ती खण्णकन वाजून उडाली. दुसऱ्या जागी मारली, तिथंही खडक. मग ती थांबली आणि ओट्यावर बसलेल्या सावळेरामाकडं बघू लागली. त्यानं तिला हातानं वर बोलावलं आणि आत अंबाबाईला हाक दिली, "भाकरी टाक. पडकईला मानूस आलंय."