पेवावरची भिंत

विश्वंभरा, मुंगीच्या मुखीही कण घालणाऱ्या पांडुरंगा, तुझ्या चरणी माथा ठेवून एका अन्नपूर्णेचे नाव घेतो. तिचे नाव गंगूबाई. मोर्शीजवळच्या काळ्या रानातल्या खुशालराव पाटलांची ती कारभारीण.

सातासमुद्रापलीकडे लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. अठराशे चौसष्ट साली खुशालरावांनी शेतातले मातीचे घर पाडून दगडी घर मांडले. सहदेव पाथरवटाने काळा दगड घडवला, चुन्यात बसवला. भिंती दोन हात रुंद. कापसाला दोन प्रशस्त कोठ्या, माणसांना एक अंधारी खोली! पायाची दोरी मात्र थेट पेवावरून गेली. अंगणातल्या त्या जमिनीखालच्या कोठारात तीन पिढ्यांची ज्वारी सुखरूप राहिली होती.

"पेव बुजवू नका," गंगूबाई म्हणाली. "अन् दोन वावरं तरी जवारीले ठेवा."

"कापूस इकला का गाडाभर जवारी दारात येते. तुले काई समजत नाई."

"अन् नाईच इकला, तं कापूस शिजवून खासान?"

गडी हसले. खुशालराव हसले नाहीत. पेव मुरमाने भरले, साऱ्या वावरांत कापूस पेरला.

लढाई थांबली, भाव कोसळला. पुढल्या साली पावसाने पाठ फिरवली. कोठ्यांत कापूस पिवळा पडत गेला आणि बाजारात ज्वारी दिसेनाशी झाली. हाय रे देवा! त्या रुंद भिंतींच्या आड गंगूबाईची लेकरे, त्यांतच पाच वर्षांची शकुन, अंबाडीच्या पाल्यावर दिवस काढू लागली.

मोर्शीचा एक व्यापारी घडीव दगडाच्या बदल्यात ज्वारी द्यायला तयार होता. गंगूबाईने भिंत उतरवायला सहदेवला बोलावले. खुशालराव भिंतीला पाठ लावून बसले.

"पाटलानं घर खाल्लं म्हनतीन लोक!"

मालक बसलेल्या भिंतीला हात लावायला सहदेव धजावला नाही. नऊ दिवस खुशालराव हलले नाहीत. दहाव्या दिवशी शकुनने डोळे मिटले, तेव्हा उठले.

मग भिंत उतरली, ज्वारीची गाडी आली. गंगूबाई कोरड्या डोळ्यांनी जात्यावर बसली. पहिली भाकर तिने सहदेवच्या घरी धाडली, मग गड्यांना दिली, शेवटची नवऱ्याच्या ताटात वाढली.

"खा," ती म्हणाली. "आता कोनी काई म्हनत नाई."

माउली गंगूबाई, तुझ्या हातच्या भाकरीला कधी तूट न येवो. खुशालरावांच्या गळ्याखाली तो घास उतरो. तुझ्या उरल्या लेकरांना उदंड आयुष्य लाभो, आणि तुझ्या चुलीपाशी पांडुरंग स्वतः जाळ घालत बसो.