शुभेच्छुकांची रांग

आमच्या चौकात वाढदिवसाचा नवा फ्लेक्स लागलाय. मधे एका क्लासवाल्या सरांचा भलामोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांचे टिकलीएवढे फोटो. गेल्या महिन्यात यातल्याच एका टिकलीचा वाढदिवस होता, तेव्हा हे सर खालच्या रांगेत होते.

माझी पुतणी केतकी लोकांच्या वेबसाइट्स सर्चमध्ये वर आणायचं काम करते. फ्लेक्स बघून ती म्हणाली, "काका, आमच्याकडेही असंच. जितक्या जास्त साइट्स तुमची लिंक देतील, तितके तुम्ही वर."

"आणि कोणी दिलीच नाही तर?"

"काही जण लिंक द्यायला स्वतःच साइट्स काढतात. पकडले गेले तर खाली ढकलतात त्यांना. पण पकडले जायला हवेत ना!"

तेव्हापासून सर्चमध्ये पहिलं नाव आलं, की मला त्याच्याखालची न दिसणारी रांग दिसायला लागते. गुडघ्याचा डॉक्टर शोधा, नाहीतर हापूस. कोण आहेत हे सगळे? यांनी तो आंबा खाल्लाय, की नुसतेच एकमेकांच्या वाढदिवसाला उभे आहेत?

आज इस्त्रीवाल्या सुनीताताई कपडे देताना म्हणाल्या, "काका, पोरीला त्या बोर्डावरच्या सरांच्याच क्लासला घातलं. खाली तुमचा फोटो बघितला. म्हटलं, मग माणूस चांगलाच असणार."

मी चष्मा लावून चौकात गेलो. शेवटच्या रांगेत, सोसायटीच्या ग्रुपवरून उचललेला माझा फोटो प्रसन्न हसत होता. त्या सरांना मी आजवर फक्त फ्लेक्सवरच पाहिलंय.